दूध सोडायचं आणि वजनही उतरवायचं: दुभत्या घरातल्या एका ताईंना उत्तर

आर्वीकडच्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. वय ३४, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. रक्तातली साखर काठावर आलेली, हिमोग्लोबिन ९.८. मांस आणि अंडी त्यांनी आधीच सोडली आहेत. घरी एक गवळाऊ गाय आणि दोन म्हशी. मागच्या वेळी म्हशीला नर रेडकू झालं. ते थोडं मोठं होताच व्यापारी टेम्पोत घालून घेऊन गेला आणि म्हैस दोन दिवस दावणीला ओरडत राहिली. ताई लिहितात, ‘त्या दिवसापासून दुधाचा चहा घशाखाली उतरत नाही.’ आता दूध, दही, ताक, तूप सगळंच सोडायचं त्यांच्या मनात आहे. त्यासोबत दहा-बारा किलो वजनही उतरलं तर हवंच आहे. नवरा म्हणतो, अशक्तपणा येईल. सासूबाई म्हणतात, ‘घरी दूधदुभतं असून सून कोरा चहा पेते, लोकं काय म्हनतीन?’ हे जमेल का, तब्येतीला चालेल का, आणि वजन उतरेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, जमेल. तब्येतीलाही चालेल, पण एका गोळीच्या अटीवर, आणि त्या अटीत सूट नाही. वजन मात्र दूध सोडल्यामुळे उतरणार नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण या एका गैरसमजापायी कितीतरी जण दीड-दोन महिन्यांत हा आहार सोडून देतात. काटा हलत नाही, मग ज्या कारणासाठी दूध सोडलं ते कारणही त्यांना खोटं वाटायला लागतं. रेडकाबद्दल तुम्हाला जे वाटलं ते काट्यावर अवलंबून ठेवू नका. ते तुमचं तुमच्यापाशी खरं आहे, वजन चार किलो उतरो की अजिबात न उतरो.

आता वजनाचा हिशोब. तुमच्या एकटीच्या वाट्याला दिवसाला किती दूध येतं ते बघा. दोन-तीन कप चहातलं मिळून दीडशे मिली, दुपारी वाटीभर ताक, भाकरीवर चमचाभर तूप. सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे कॅलरी. हे सोडलं आणि त्याच्या जागी मूठभर चिवडा किंवा चार बिस्किटं आली की हिशोब पुन्हा तिथेच.

खरा आकडा तेलाच्या पिप्यात आहे. माझ्याकडे वजनासाठी जे येतात त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारते, पंधरा किलोचा पिपा घरी किती दिवस जातो? पाच माणसांच्या घरात ‘महिना’ हे उत्तर नेहमीचं. मांडून बघा. पंधरा किलो भागिले पाच माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोज शंभर ग्रॅम. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे रोजच्या नऊशे कॅलरी नुसत्या तेलातून. घरात लहान मुलं असतील तर मोठ्यांचा वाटा त्याहून जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने माणशी वीस ते तीस ग्रॅम तेल पुरेसं असतं. आणि आपल्याकडचे तेलाचे पदार्थ बघा: तर्री पोहे, आलूबोंडा, साबुदाण्याची उसळ, पाटवडीचा रस्सा, गोळाभातावर ओतलेलं कढत तेल. यातल्या एकातही दुधाचा थेंब नाही. सगळे व्हीगन आहेत, म्हणजे जनावरापासूनचं काहीच नसलेले, आणि सगळे वजन वाढवतात.

दुसरी गोष्ट कामाची. तुमच्या सासूबाईंच्या तरुणपणी निंदणाला दिवसचे दिवस जायचे, दळण-पाणी अंगमेहनतीचं होतं. आता निंदणाची जागा तणनाशकाने घेतली, पाणी नळाला आलं, गिरणी गावात आली. ताट मात्र त्या मेहनतीच्या मापाचंच राहिलं. शेतकऱ्याच्या घरच्या बाईचं वजन वाढलं की लोक म्हणतात, आराम झाला. तसं नाही. काम भरपूर आहे, पण ते उभ्याने आणि बसून करायचं आहे, घाम काढणारं नाही.

म्हणून वजनासाठी पहिलं काम असं करा. स्वतःच्या वाट्याचं आठवड्याचं तेल सोमवारी वेगळ्या बाटलीत मोजून ठेवा, पावणेदोनशे ग्रॅम. सगळ्या घराचं करता आलं तर उत्तमच, पण सुरुवात स्वतःपासून. बाटली शुक्रवारी संपली तर शनिवार-रविवार भाजून, वाफवून, ठेचून खायचं. वांग्याचं भरीत चुलीवर भाजून, वर कच्चा कांदा, सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची आणि चमचाभर तेलाची फोडणी, एवढ्यात चवीला काही कमी पडत नाही. भरतात तेल तरंगलंच पाहिजे ही सवय आहे, चवीची गरज नाही.

दुसरं, भाकरी ज्वारीची ठेवा, पण मोजून. एका भाकरीला साधारण पंचाहत्तर ग्रॅम पीठ लागतं, त्यात अडीचशे कॅलरी. दिवसाला दोन भाकरी, आणि भाताचा डोंगर करायचा नाही. रेशनचा पॉलिश केलेला तांदूळ पोट भरतो पण लवकर भूक लावतो आणि साखर चढवतो. तुमची साखर काठावर आहे म्हणून हे जास्त जपायचं. ताटाचा अर्धा भाग भाजीचा असू द्या, आणि भाजी म्हणजे नुसता आलू नाही.

तिसरं प्रथिनं. दूध सोडून वजन कमी करणारी माणसं इथेच घसरतात. नुसती भाकरी-ठेचा किंवा पोहे-भात खातात, दोन तासांत भूक लागते, मग हात डब्यात जातो. तुमच्यासाठी दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं हवीत. ती कुठून येतात ते तुमच्याच घरच्या धान्यात मांडते. दीडशे ग्रॅम ज्वारीतून सुमारे पंधरा ग्रॅम. साठ ग्रॅम कोरड्या तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीतून बारा-तेरा. पंचवीस ग्रॅम फल्लीदाण्यांतून (शेंगदाण्यांतून) सहा. तीस ग्रॅम सोयाबीनमधून दहा-अकरा. भाज्यांमधून पाच-सहा. झाले पन्नास. पण यात साठ ग्रॅम डाळ म्हणजे किती, ते डोळ्यासमोर आणा. पाच जणांच्या घरात दीडशे ग्रॅम तुरीचं पातळ वरण केलं तर तुमच्या वाट्याला तीस ग्रॅम डाळ येते. म्हणजे तसं वरण दोन वेळा, किंवा एक वेळ वरण आणि एक वेळ चून (पिठलं), बरबटीची (चवळीची) उसळ, डाळभाजी, मोड आलेली मटकी. हिवाळ्यात तुरीचे सोले निघाले की सोल्यांची आमटी करा. सोलेभात केला तर भात निम्मा आणि सोले दुप्पट. वर दिलेल्या मापात वीस-पंचवीस ग्रॅम तेल, भाज्या आणि एखादं फळ धरलं की दिवसाच्या साधारण चौदाशे कॅलरी होतात. तुमच्या वजनाला एवढ्यावर आठवड्याला अर्धा किलो उतरायला हवं. त्याहून वेगाने उतरलं तर मला काळजी वाटेल, कारण मग स्नायू जातात आणि बायकांचे केस गळायला लागतात. बारा किलोला सहा-आठ महिने धरून चाला. पण साखरेवरचा परिणाम बघायला तेवढं थांबावं लागत नाही, पहिले चार-पाच किलो उतरले तरी फरक दिसतो.

सोयाबीनबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. विदर्भात शेतं सोयाबीनने भरलेली असतात, सगळं पीक मार्केटला जातं, आणि घरात येतं ते रिफाइंड तेल होऊन. त्यातलं प्रथिन, शंभर ग्रॅममागे छत्तीस-सदतीस ग्रॅम, आपल्या ताटात येतच नाही. ते आणायचं असेल तर घरच्या पिकातले दहा-वीस किलो निवडून बाजूला ठेवा. पण एक गोष्ट अगदी कटाक्षाने पाळा: पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं उरलेलं बियाणं कधीही खायचं नाही. त्याला बीजप्रक्रियेचं औषध चोळलेलं असतं, बहुतेक वेळा ते गुलाबी-लालसर दिसतं, धुतल्याने ते औषध जात नाही. जनावरालाही घालायचं नाही. घरात खायचं सोयाबीन आणि बियाण्याचं सोयाबीन यांची पोती एका कोपऱ्यात ठेवू नका.

आणि सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं चालत नाही, प्रथिन पचू न देणारे घटक त्यात असतात आणि ते नीट उष्णता मिळाल्यावरच निकामी होतात. दाणे रात्रभर भिजवा, सकाळी चोळून सालं काढा, कुकरला चांगले मऊ शिजवा. हे दाणे उसळीत चालतात, वाटून चुनात चालतात. पिठात मिसळायचं असेल तर सालं काढलेले दाणे वीस-पंचवीस मिनिटं उकळून, उन्हात कडक वाळवून, नऊ भाग ज्वारी किंवा गव्हाला एक भाग या मापाने दळून आणा. त्याहून जास्त घातलं तर वास येतो आणि घरचे खात नाहीत. दूध करायचं तर भिजवून सोललेले दाणे गरम पाण्यात वाटून, कपड्याने गाळून, पंधरा-वीस मिनिटं ढवळत उकळायचं. गरम पाण्यात वाटलं की तो कच्चट वास बराच कमी होतो. या दुधातलं प्रथिन गायीच्या दुधाच्या जवळपास असतं, कॅल्शियम मात्र फारच कमी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयाबीन आणि गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.

डाळीवरून आणखी एक इशारा. तुम्ही वर्धेकडच्या, पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हेच उत्तर वाचलं जाईल, म्हणून लिहिते. धानाच्या बांधीत मागाहून घेतलेली लाखोळी (लाखेची डाळ) घरात भरपूर असते. कधीमधी खाणं वेगळं. पण ‘दूध सोडलंय, आता डाळ वाढवायची’ म्हणून रोज दोन्ही वेळ लाखोळीच खाल्ली तर तिच्यातल्या विषारी घटकाने पायांतली ताकद कायमची जाऊ शकते. रोजची डाळ तूर, मूग, हरभरा, उडीद अशी बदलती ठेवा.

आता ती गोळी.

बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. जनावराच्या शरीरातून ते दूध, अंडी, मांसात येतं. धान्य, डाळ, भाजी, फळ यांतून ते मिळत नाही. गावोगावी ऐकायला मिळतं की मशरूम खा, स्पिरुलिना घ्या, भाजी न धुता खा, रानातलं पाणी प्या म्हणजे बी-१२ मिळतं. यातलं काहीही भरवशाचं नाही आणि न धुतलेल्या भाजीतून जंत नक्की मिळतात. रोजची गरज अगदी थोडी आहे, दोन-अडीच मायक्रोग्रॅम. यकृतात साठाही असतो, त्यामुळे दूध सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस खुशीत सांगतो, ‘बघा, मला काही झालं नाही.’ मग हळूहळू तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, विसरायला होतं, चिडचिड वाढते. आपल्या आहारात डाळी-पालेभाज्यांमुळे फोलेट हे रक्त तयार करायला लागणारं दुसरं जीवनसत्त्व भरपूर, त्यामुळे कधीकधी रक्त बरं दिसत राहतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही. शिवाय आपल्याकडे दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे. म्हणजे तुमची सुरुवातच बहुधा रिकाम्या कणगीतून होणार आहे.

तेव्हा दूध सोडायच्या आधी बी-१२ तपासून घ्या. फार कमी निघालं तर डॉक्टर इंजेक्शनं देतील, ती पूर्ण घ्या. त्यानंतर कायम रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्याला एकदा २००० मायक्रोग्रॅम. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात ५०० आणि १५०० च्या गोळ्या जास्त मिळतात. रोज ५०० ची एक, किंवा १५०० ची आठवड्यातून दोनदा घेतली तरी चालतं. मोठ्या गोळीतला फारच थोडा भाग अंगी लागतो, म्हणून आकडा मोठा दिसला तरी घाबरू नका. हे बी-१२ कारखान्यात जिवाणूंपासूनच करतात, जनावरापासून नाही. मात्र कॅप्सूलचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं आणि काही गोळ्यांत दुधातली साखर असते. तुमचं कारण नैतिक आहे म्हणून हे सांगणं माझं काम. पण गोळीतल्या चिमूटभर लॅक्टोजपायी बी-१२ घेणंच टाळलं तर ते मला मान्य नाही. पुढे साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू झालं तर ते बी-१२ आणखी कमी करतं, त्या वेळी डॉक्टरांना आपला आहार आठवणीने सांगा.

सेवाग्राम तुमच्या जिल्ह्यातलं, म्हणून गांधीजींची गोष्ट सांगते. गायी-म्हशींकडून दूध काढताना होणाऱ्या क्रूरपणाबद्दल वाचून, आणि संयमाच्या विचारानेही, त्यांनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात आमांशाने ते इतके खंगले की उठवेना. शेवटी १९१९ च्या सुरुवातीला शेळीच्या दुधाला तयार झाले, कारण प्रतिज्ञा करताना मनात गाय-म्हैसच होती. आपण प्रतिज्ञेचे शब्द पाळले आणि तिचा आत्मा मारला, ही सल त्यांना कायम राहिली. वनस्पतीतून दुधाला पर्याय सापडावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. बी-१२ शुद्ध रूपात वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये, ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी. त्यांच्यासारख्या निश्चयाच्या माणसाकडे जी गोष्ट नव्हती ती आज तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. ती घ्यायला लाजू नका आणि विसरू नका.

कॅल्शियम दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं. दुधाशिवाय ते गाठायला रोज लक्ष द्यावं लागतं, अवघड नाही. तीळ न सोलता, भाजून, रोज दोन चमचे चटणीत. मुंगण्याचा (शेवग्याचा) पाला आठवड्यातून तीनदा, वरणात, चुनात, भाकरीच्या पिठात, त्याच्या शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि झाड बहुतेक वाडीत उभंच असतं. नाचणी आपली नाही, पण किराणा दुकानात मिळते, सकाळी तिची आंबील करता येते. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात घोळ आणि चिवळ, वर्षभर चवळाई, अशा पालेभाज्या. एवढं करूनही कमी पडतंय असं वाटलं तर पाचशे मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. ड जीवनसत्त्वाची तपासणीही त्याच वेळी करा, शेतावर जाणाऱ्या बाईलाही डोक्यावर पदर आणि अंगभर बाह्या असतात, ऊन त्वचेला लागतं कुठे?

जवसाची चटणी तुमच्याकडे होतच असेल. माशाच्या तेलातून मिळणाऱ्या चरबीच्या जातीची चरबी जवसातून मिळते. रोज एक मोठा चमचा, पण भाजून कुटलेला. अख्खं जवस गिळलं तर तसंच बाहेर पडतं. महिन्याची चटणी एकदम करू नका, खवट होते. आठवड्यापुरतीच करा. कराळाची चटणीही अधूनमधून चालू द्या.

हिमोग्लोबिन ९.८ हे मात्र आहार बदलायच्या आधी सोडवायचं प्रकरण आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी असं आपण धरून चालतो. विदर्भात ते धरून चालू नये. इथे सिकलसेल हा आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे, आणि सिकलसेलचा वाहक असणाऱ्याला ते वर्षानुवर्षं माहीत नसतं. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते, एकदा करून घ्या. रक्ताच्या अहवालात पेशींचा आकारही येतो. लोह कमी असलं तर पेशी लहान दिसतात, बी-१२ कमी असलं तर मोठ्या, आणि दोन्ही कमी असलं तर सरासरी आकार अगदी नॉर्मल येऊन सगळ्यांना फसवतो. म्हणून आकार बरोबर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ दोन्ही बघा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या घ्या, नुसत्या गूळ-फल्लीदाण्यावर ९.८ चे १२ होत नाहीत. जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, कोराही नाही, तासभर जाऊ द्या. चहा लोह अंगी लागू देत नाही. अंबाडीची आंबट भाजी कण्या घालून, वर लसणाची बेताची फोडणी, ही तुमच्या रक्तासाठी फार चांगली आहे.

आता सासूबाईंचा चहा. दुधाच्या चहाची सवय मोडणं हे बहुतेकींना तुपापेक्षा जड जातं. सोयाबीनच्या दुधाचा चहा फाटतो, उकळता चहा आधी गाळून थोडा निवू द्या आणि मग दूध घाला, म्हणजे फाटत नाही. मला विचाराल तर गवती चहा आणि आल्याचा कोरा चहा, अर्धा चमचा साखर, हेच बरं. शेवटी साखरही कमी करायचीच आहे. ताकाची आठवण एप्रिल-मेच्या उन्हात येते. तेव्हा फल्लीदाण्याचं दही करून बघा. दाणे भिजवून, सोलून, वाटून, गाळून दूध उकळा, कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांची देठं धुऊन टाका आणि उबेत झाकून ठेवा. पहिलं दही पातळ आणि बेचव निघतं, त्याचंच विरजण लावलं की दुसरं-तिसरं चांगलं लागतं. त्याचा मठ्ठा, त्याची गोळ्यांची कढी छान होते. रोज एवढा खटाटोप नको असेल तर चिंचेचं सार, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, गूळ बेताने घालून. विकतच्या बदामाच्या दुधाच्या मागे लागू नका. ते महाग आहे, त्यात प्रथिन नावापुरतं असतं, आणि तालुक्याला मिळतही नाही.

बाहेरचं घेताना एक लक्षात ठेवा, पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. व्हीगनसाठी वेगळं हिरवं चिन्ह २०२२ च्या नियमांत आलं, पण आपल्याकडच्या दुकानात ते क्वचित दिसतं. मागचं बारीक अक्षर वाचा, बिस्किटांत दुधाची पावडर जवळजवळ नेहमी असते. वर्ध्याहून कुणी प्रेमाने गोरसपाक आणला तर तो तुपाचा आहे, मुलांना द्या.

तुमच्या मूळ कारणाकडे येते. तुम्ही जे पाहिलं तो अपवाद नव्हता. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि जन्मणाऱ्या पिल्लांत निम्मे नर. गवळाऊचा गोऱ्हा बैल होतो, पोळ्याला सजतो, त्याला घरात जागा आहे. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्गावर तशी बंदी नाही. पूर्वेकडे धानाच्या चिखलणीला हल्या (रेडा) लागायचा, तिथेही ट्रॅक्टर आला. मग नर रेडकाचं काय करायचं, याला दुधाच्या धंद्यात एकच उत्तर उरतं, ते तुम्ही टेम्पोत जाताना पाहिलं. हे बघून कुणाचं मन फिरलं तर ती शहरातून आलेली फॅशन नाही. तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. शिकाऱ्यांपासून सशाला वाचवणाऱ्या चक्रधरस्वामींची गोष्ट तिथे शेकडो वर्षं सांगितली जाते. गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता गोड जेवण घातलं आणि पुढे जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध आयुष्यभर कीर्तन केलं. त्यांनाही आधी घरातल्यांचंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

पण घरात दूध विकून जे पैसे येतात त्यावर किराणा भरला जातो, हेही खरं आहे. तुम्ही दूध पिणं सोडू शकता. म्हशी विकायला लावणं वेगळं, कारण विकलेल्या भाकड म्हशीचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. माझं मत विचाराल तर आत्ता दारात आहेत त्या जनावरांचं चारापाणी, आजारपण, म्हातारपण नीट होईल एवढं बघा. वासराला पोटभर दूध मिळू द्या, दोन सड त्याच्यासाठी सोडा. पान्हा सोडायला इंजेक्शन कुणी सुचवलं तर ठाम नकार द्या. नवीन म्हैस आणायची वेळ येईल तेव्हा नवऱ्याशी बोला, त्याआधी नको. सासूबाईंनी पूजेनंतर पंचामृताचा थेंब हातावर ठेवला तर घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवा, आहाराच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. त्यांना तुमच्या हातचा स्वयंपाक तुपासकट मिळत राहिला तर लोक काय म्हणतील हा प्रश्न बहुतेक सुटतो. पुरणपोळीवर त्यांच्यासाठी तूप, तुमच्यासाठी फल्लीदाण्याचं कूट आणि कटाची आमटी.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. मुलांचं दूध तुमच्या निर्णयासोबत बंद करू नका. वाढत्या वयात प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ यांचा हिशोब चुकला तर तो काही महिन्यांत उंचीवर आणि अभ्यासावर दिसतो. मुलं दूधाशिवाय वाढवता येतात, पण ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. आणि पुन्हा दिवस राहायचा विचार असेल किंवा तान्हं मूल अंगावर असेल तर बी-१२ एक दिवसही चुकवू नका, आईत कमी असेल तर दुधातून बाळाला मिळत नाही आणि बाळाचा मेंदू त्याची वाट बघत नाही.

आता क्रम असा ठेवा. या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन आणि पेशी, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, सिकलसेल. अहवाल येईपर्यंत दूध चालू असलं तरी हरकत नाही, तेलाची बाटली मात्र आजच भरा. औषधं सुरू झाली की आधी चहातलं दूध, मग ताक-दही, शेवटी तूप, असं तीन-चार आठवड्यांत उतरवा, म्हणजे डाळी आणि उसळींची पोटाला सवय होईल. एकदम वाढवल्या तर पोट फुगतं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर पुन्हा बघायची, कमरेचा घेरही मोजायचा, ८० सेंटिमीटरच्या खाली आणायचा आहे. अहवाल आले की मला पाठवा, गोळ्यांचं माप तेव्हा बदलू.